‘आबा, तुम्ही तात्ताची नक्कल करताय का?’

पत्र

ताई, आम्ही कोथरूडला वीस वर्षं एकाच सोसायटीत राहतो. गणपतीत एका रात्री गच्चीवर पडदा लावून जुना सिनेमा दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. यंदा ‘पडोसन’ ठरलाय. आमच्या ह्यांचा तो जीव की प्राण. हे पेटी छान वाजवतात, आणि ‘एक चतुर नार’मधला मेहमूद सोसायटीत दरवेळी ह्यांनाच करायला लावतात. लुंगीसारखं गुंडाळलेलं धोतर, कपाळाला गंध, डोक्याला खोटी शेंडी. शिट्ट्या पडतात. यंदाही सिनेमाआधी तो कार्यक्रम आहे.

आमची सून तमिळ आहे, कोइमतूरची. लग्नाला दहा वर्षं झाली, मराठी अगदी आपल्यासारखं बोलते. गेल्या रविवारी ह्यांची घरात तालीम चालली होती. आठ वर्षांची नात समोर बसून टाळ्या वाजवत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, “आबा, तुम्ही तात्ताची नक्कल करताय का?” आईच्या वडिलांना ती तात्ता म्हणते. हे हसले. सून ओट्याशी होती. काही बोलली नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला आणि आत निघून गेली.

रात्री ह्यांच्याजवळ विषय काढला तर म्हणाले, “पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गंमत आहे, आता हसायचंही नाही का?” मुलगा म्हणतो, आई, उगाच वाढवू नकोस. समितीतली एक मुलगी म्हणते, मेहमूदचे प्रसंग कापून दाखवू. दिवाळीला व्याही-विहीणबाई यायचे आहेत. व्याही रेल्वेतून निवृत्त झालेत, सकाळी आंघोळ झाली की गात बसतात. मला सिनेमाही आवडतो आणि सूनही. मी काय करू?

एक आजी, कोथरूड

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही उगाच काहीही वाढवत नाही आहात. आठ वर्षांच्या पोरीने एका वाक्यात जे पकडलं, ते आपल्याला इतकी वर्षं टाळ्या वाजवताना दिसलं नव्हतं. ‘आपल्याला’ म्हणते, कारण त्या टाळ्यांत मीही आहे. ‘पडोसन’ किती वेळा पाहिला याचा हिशेब माझ्याकडे नाही. आजही टीव्हीवर त्या समोरासमोरच्या दोन खिडक्या दिसल्या की भाजी निवडायची राहते.

म्हणून आधी सिनेमाबद्दलच बोलू. १९६८ चा हा सिनेमा. दिग्दर्शन ज्योती स्वरूप यांचं, निर्माते मेहमूद आणि एन. सी. सिप्पी, संगीत राहुलदेव बर्मन यांचं. सुनील दत्तचा भाबडा भोला, सायरा बानूची बिंदू, पान खाऊन तोंड लाल केलेला किशोरकुमारचा गुरू आणि बिंदूला गाणं शिकवायला येणारा मेहमूदचा मास्टर पिल्लई. भोलाला गाता येत नाही. तो खिडकीत उभा राहून नुसते ओठ हलवतो, मागे लपलेला गुरू गातो आणि बिंदू त्या आवाजावर भाळते. हे तुम्हाला पाठ आहे. आता एवढंच बघा, की ‘एक चतुर नार’च्या त्या जुगलबंदीत खरं कोण गातंय.

गोष्टीतला मास्टर उघड्यावर, सगळ्यांदेखत, स्वतःच्या गळ्याने गातोय. समोरचा उसन्या आवाजावर तोंड हलवतोय. मधेच पलीकडून सूर बदलतो, मास्टर गडबडतो, सूर कुठे गेला म्हणून तक्रार करतो. त्याची तक्रार शंभर टक्के रास्त आहे, कारण सूर खरंच बदललेला असतो. विद्या त्याच्याकडे आहे, मेहनत त्याची आहे, फसवला तो जातोय आणि हसतोही आपण त्यालाच. त्याचा हेल, शेंडी आणि गंध काढून टाका आणि तोच प्रसंग मनातल्या मनात पुन्हा बघा. एका गाणाऱ्या माणसाला त्याच्या शिष्येसमोर लबाडीने हरवलंय. पोटात कालवतं की नाही? त्या हेलामुळेच आपल्याला कालवत नाही. शेवटी लग्नात सनई वाजवताना मास्टरच्या डोळ्यांत पाणी येतं. मेहमूद फार मोठा नट होता, त्या पाण्याची त्याने थट्टा होऊ दिलेली नाही. पण तोवर आपण इतके हसलेलो असतो, की ते पाणी बघायला कुणी थांबत नाही.

ह्यांना वाटत असेल, की हेल काढला तर सिनेमात राहिलं काय. भरपूर राहतं. ही गोष्ट मुळात अरुण चौधुरी यांची, बंगाली. ‘पाशेर बाडी’ या नावाने तिच्यावर १९५२ मध्ये बंगाली सिनेमा निघाला. १९५३ मध्ये तेलुगूत ‘पक्किंटी अम्मायी’ आला आणि १९६० मध्ये तमिळमध्ये ‘अडुत्त वीट्टु पेण्ण’. सगळी शेजारघरचीच नावं. म्हणजे तुमच्या सुनेच्या आजी-आजोबांनीही हीच गोष्ट आपल्या भाषेत बघून पोट धरून हसलेलं असणं अगदी शक्य आहे. खिडकी, शेजारीण आणि उसना आवाज, एवढ्यावर ती चार भाषांत चालली.

आणि तो काळ. हिंदी सिनेमात दक्षिणेतल्या माणसांची वाण कधीच नव्हती. वैजयंतीमाला होती, पद्मिनी होती, वहिदा रहमान होती. १९६८ मध्येच, ‘पडोसन’च्याच वर्षी, हेमा मालिनीचा पहिला हिंदी सिनेमा आला, राज कपूरबरोबर. तमिळ घरातली मुलगी ज्या वर्षी पडद्यावर स्वप्नसुंदरी झाली, त्याच वर्षी तमिळ पुरुष वाट्याला आला तो असा. बायकांनी नाचावं, सुंदर दिसावं. पुरुषांनी ‘ऐयो’ म्हणून आपटावं. कोइमतूरच्या एखाद्या शाळामास्तराला, बँकेतल्या कारकुनाला, तुमच्या व्याह्यांसारख्या रेल्वेतल्या माणसाला त्या पडद्यावर दुसरं रूप मिळालंच नाही म्हणा ना. एकच रूप वर्षानुवर्षं पुढे आलं की लोकांना तेच खरं वाटायला लागतं. आपल्याला नाही का राग येत, हिंदी सिनेमातली भांडी घासणारी बाई आणि काठी आपटणारा हवालदार तेवढे मराठी असतात म्हणून?

आपल्या बाजूची गोष्टही सांगायला हवी, ती लपवून सल्ला देणं मला जमणार नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६६ मध्ये, मुंबईत शिवसेना स्थापन झाली होती आणि तिच्या सुरुवातीच्या मोहिमांचा रोख दाक्षिणात्य नोकरदारांवर आणि हॉटेलवाल्यांवर होता. ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा तेव्हाची. ‘यंडुगुंडू’ हा शब्दही मराठी घराघरांत बोलला जायचा, आमच्याही. मेहमूदने त्यासाठी सिनेमा काढला असं मी मुळीच म्हणत नाही. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये त्याने हैदराबादी हेल काढला होता. वेगवेगळ्या बोली उचलणं हा त्याच्या कलेचाच भाग होता. पण लुंगी नेसून दादरला लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाला त्या वर्षांत रस्त्यावर जे ऐकावं लागत होतं आणि थिएटरच्या अंधारात जे ऐकू येत होतं, त्यातलं अंतर त्याला फार मोठं वाटलं नसणार.

आता माझं सांगते. मी अकोल्याची. सतराव्या वर्षी पुण्यात शिकायला आले. मी ‘काय करून राहिली’ म्हटलं, की वसतिगृहातल्या मुली खुश व्हायच्या. “ए, बोल ना तुझ्या त्या भाषेत!” मी बोलायचे. त्या वाईट नव्हत्या, प्रेमाने हसायच्या, आजारी पडले तर उशाशी बसायच्या. हसू मिळतंय म्हणून मी आणखी बोलायचे, आईची तर हुबेहूब नक्कल करायचे. डिसेंबरात आई पहिल्यांदा भेटायला आली. एसटीतून उतरून थेट खोलीच्या दारात. म्हणाली, “कशी हायेस वं माये?” आणि मागच्या कॉटवरून कुणीतरी फिसकन हसलं. त्या मुलीने माझ्या आईला आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं. पण नक्कल आधीच पोचली होती, माणूस मागून आला. आईने ऐकलं की नाही, मला कधी कळलं नाही. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेल्या मुगवड्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या, पुडीची सुतळी सोडायला तिला फार वेळ लागला.

तुमच्या नातीच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने झालंय आणि ते फार चांगलं झालंय. तिच्याकडे माणूस आधी आहे. तात्ताच्या मांडीवर ती बसली आहे, त्यांचं गंध लावणं तिने जवळून पाहिलंय. नक्कल मागून आली, म्हणून तिला ती ओळखता आली. तिच्या प्रश्नात तक्रार नव्हती. तिला खरंच वाटलं, की आबा तात्तांसारखे होऊन दाखवताहेत. त्यात हसण्यासारखं काय, एवढंच तिला कळेना.

तुमचे हे म्हणतील, मग पुलंच्या रावसाहेबांचं काय? त्यांचं म्हणणं योग्य आहे, आणि ते त्यांनी म्हणावंच. बेळगावचे रावसाहेब कानडी वळणाचंच मराठी बोलतात, पुलं तो हेल जसाच्या तसा काढतात आणि आपण गडबडा लोळतो. पण ऐकून झाल्यावर काय वाटतं? या माणसाला भेटायला हवं होतं, असं वाटतं. त्याचं घर, त्याचं गाणंवेड, त्याच्या शिव्या, त्याचं दुःख, सगळं आपल्याला ठाऊक झालेलं असतं. आता मास्टर पिल्लईबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? गाव कुठलं, घरी कोण असतं, गाणं कुणाकडे शिकला? अडीच तासांत यातलं काहीच कळत नाही. दोन्हीकडे हेल आहे. एकीकडे हेलामागे माणूस आहे, दुसरीकडे हेल संपला की काही उरत नाही.

आणि पुण्याने तरी हे समजून घ्यायला अवघड जाऊ नये. दक्षिणेकडून आलेला गाणारा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोण यायला हवं? गदगच्या मुलखातून आलेले भीमसेनजी. त्यांचे गुरू सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे. १९५३ पासून त्या गुरूंच्या नावाने चाललेल्या महोत्सवात पुणं थंडीत शाल गुंडाळून बसलंय. कानडी मातृभाषेच्या माणसाने तुकोबांचे अभंग गायले आणि आपण त्यांना अण्णा म्हणून घरात घेतलं. कुणाला त्यांच्या उच्चारांवर हसावंसं वाटलं? ह्यांना हेही सांगा, पेटीवाले आहेत, त्यांना रस वाटेल: ‘एक चतुर नार’मध्ये मास्टरचा आवाज मन्ना डे यांचा. त्याच मन्ना डेंनी १९५६ च्या ‘बसंत बहार’मध्ये नायकासाठी गाऊन भीमसेनजींच्या आवाजावर मात केली होती, गोष्टीची गरज म्हणून. तिथे हरणारा गवई कुणालाही हास्यास्पद वाटला नाही.

आता काय करायचं ते.

ह्यांच्याशी बोला, पण मुलासमोर नको आणि जेवताना तर अजिबात नको. चारचौघांत चूक दाखवली की माणूस ती सोडायच्या ऐवजी धरून बसतो. ‘सुनेला वाईट वाटलं’ असंही म्हणू नका, कारण ते तुम्हाला पक्कं माहीत नाही आणि मग सगळं ओझं तिच्या डोक्यावर जातं. नातीचा प्रश्न तेवढा पुन्हा त्यांच्यासमोर ठेवा. ते हसले, त्यांनी उत्तर दिलं नाही. पोरगी अजून उत्तराची वाट बघतेय. तिला काय सांगणार, एवढंच विचारा आणि गप्प बसा. ज्या माणसाचा गाण्यावर इतका जीव आहे, त्याला हे कळायला फार वेळ लागेल असं मला वाटत नाही.

गाणं त्यांनी सोडू नये. शेंडी, गंध आणि लुंगी सोडावी, हेल सोडावा. पेटी पुढे घेऊन ते नीट गावं. त्यातल्या सरगमी, एका सुरातून दुसऱ्यात मारलेली उडी, मास्टरची बाजू न घसरता पेलणं, ही खरी परीक्षा आहे. सोंगाच्या आडोशाला बेसूर खपून जातं. सोंग काढलं की गावं लागतं.

सिनेमा कापू नका, तो अख्खा दाखवा. त्या मुलीची तळमळ मला कळते आणि तिला हे प्रेमाने सांगा. पण कापलेल्या सिनेमात मास्टरच गायब होतो, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा खिडकीबाहेर ढकलल्यासारखं होईल. जुने सिनेमे आहेत तसे जपायला आपल्याच शहरात लॉ कॉलेज रोडवर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते काम लोकांनी पूर्ण सिनेमा बघावा म्हणूनच चाललंय. दाखवण्याआधी दोन मिनिटं कुणीतरी बोलावं, ह्यांनीच बोललं तर सोन्याहून पिवळं. गोष्ट बंगालीतून आली, तमिळ-तेलुगूतही झाली, हे सांगावं. आपण ज्यांना सरसकट ‘मद्रासी’ म्हणत आलो त्या मद्रास राज्याचं नाव जानेवारी १९६९ मध्येच तमिळनाडू झालं, तेव्हा निदान आता तरी नाव नीट घेऊ, हे सांगावं. आणि आज मास्टरच्या बाजूने ऐकून बघा, एवढी विनंती करावी. गच्चीवर किती जण ऐकतील ठाऊक नाही. चार ऐकले तरी मला पुरे वाटेल.

सुनेचं सगळ्यात नाजूक आहे. तिला ‘चालेल ना?’ असं विचारू नका. सासरी या प्रश्नाला एकच उत्तर असतं. दहा वर्षं ती तेच देत आली असेल, आणि किती वेळा, ते तुम्हाला नि मला मोजता येणार नाही. दोघीच असाल तेव्हा तुमचं सांगा. “त्या दिवशी पोरीने विचारलं आणि मला कसंतरीच झालं. मला आधी कळायला हवं होतं.” बस्स. पुढे ‘पण ह्यांच्या मनात तसं काही नसतं हं’ जोडू नका, ते तिला माहीत आहे. ती म्हणेल, “नाही हो आई, मला काही वाटलं नाही,” तर मान्य करा. कदाचित खरंच वाटलं नसेल. कदाचित सांगायला तिला वर्ष लागेल. आणि ती बोलली, तर मधे बोलू नका. तिच्याकडून सगळ्या तमिळ लोकांच्या वतीने निकालही मागू नका. दाक्षिणात्यांना हा सिनेमा कसा वाटतो, हे तिला कसं ठाऊक असणार? तिला कसा वाटतो तेवढंच ती सांगू शकते, तेही वाटलं तर. आणि कृपा करून त्या रात्रीचा इडली-सांबाराचा बेत तिच्यावर टाकू नका. तिला गच्चीवर यायचं नसेल तर खाली बसून पुस्तक वाचायची मोकळीक असू द्या, पुन्हा पुन्हा बोलवायला कुणाला पाठवू नका.

नातीला उत्तर आबांनीच द्यावं. “हो गं, मी करत होतो, पण तात्ता तसे नाहीत ना? मग मी ते आता करणार नाही,” इतकं साधं चालेल. मुलांना मोठ्यांनी चूक मान्य केलेली फार आवडते. ती लगेच दुसऱ्या खेळाला लागेल.

राहिले व्याही. ते सकाळी गातात हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला पत्रातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटलं. घरात दोन गाणारे आजोबा आहेत आणि दहा वर्षांत ते एकत्र बसल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. भाषेची अडचण असेल. पण आपला भूप म्हणजे त्यांचा मोहनम्, स्वर तेच पाच. आपला मालकंस म्हणजे त्यांचा हिंदोळम्. दिवाळीत एका सकाळी, त्यांची आंघोळ झाली की, ह्यांना पेटी बाहेरच्या खोलीत आणायला सांगा आणि काही न बोलता भूप धरायला सांगा. नातीला मधे बसवा. दोन्हीकडची भाषा तिला येते.

तुमची,
ताई